रोटाला रोटुंडिफोलिया: घरच्या टाकीत पहिल्यांदा लावताना

गोड्या पाण्याच्या मत्स्यालयाच्या टाकीत पहिली स्टेम प्लांट, म्हणजे उभ्या खोडाने वाढणारी पाणवनस्पती, कोणती लावावी, या प्रश्नाला माझे उत्तर रोटाला रोटुंडिफोलिया हेच आहे. भारतापासून चीन-जपानपर्यंतच्या दलदलीत, भातखाचरांच्या कडेने आणि ओढ्यांच्या काठाने ती आपसूक वाढते. मेंदी, डाळिंब आणि महाराष्ट्राचे राज्यपुष्प तामण ज्या लिथ्रेसी कुळात मोडतात, त्याच कुळातली ती आहे. सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात साचणाऱ्या उथळ पाण्यात रोटालाच्या इतर काही जाती उगवतात आणि फुलतात, त्यामुळे हे घराणे आपल्याला परके नाही. ही वनस्पती स्वस्त मिळते, भराभर वाढते, थोडे इकडचे तिकडे झाले तरी सहसा मरत नाही, आणि टाकीत काय कमी-जास्त आहे ते तिच्या शेंड्यावर लगेच उमटते. नवख्या माणसाने तिचा शेंडा वाचायला शिकावे, हा या लेखाचा मुख्य आग्रह आहे. जुनी पाने पिवळी पडून गळू लागली की घाबरून खत, उजेड आणि औषधे एकाच दिवशी वाढवली जातात, आणि त्यातून शेवाळ माजते. वास्तविक जुन्या पानात काही आठवड्यांपूर्वीची परिस्थिती दिसते, आजची परिस्थिती पाहायची तर शेंड्याकडेच पाहावे लागते.

टाकी आणि पाणी

पुढची सगळी प्रमाणे मी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशा टाकीसाठी देत आहे. हिशेबाने तिच्यात ५४ लिटर पाणी मावते, पण तळाचा थर, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास राहते, आणि खताचा हिशेब नेहमी या प्रत्यक्ष पाण्यावर करायचा असतो. तुमची टाकी लहान-मोठी असेल तर त्या प्रमाणात आकडे बदलावेत. टाकी खिडकीतल्या थेट उन्हात ठेवू नये. उन्हाने पाणी तापते आणि उजेडावर आपला ताबा राहत नाही.

रोटालाला मऊ ते मध्यम कठीण, किंचित आम्लधर्मी ते उदासीन पाणी मानवते. सामू ६ ते ७.५ आणि तापमान २२ ते २८ अंश सेल्सिअस असावे. नळाचे पाणी वापरत असाल तर त्यातला क्लोरीन घालवणे आवश्यक आहे. पाणी बादलीत २४ तास उघडे ठेवल्याने साधा क्लोरीन उडून जातो, परंतु काही ठिकाणी वापरले जाणारे क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) तसे उडत नाही, म्हणून दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीन प्रत्येक वेळी घालणे अधिक सुरक्षित. पावसाळ्यात पाणी गढूळ येऊ लागले की नळाच्या पाण्यात क्लोरीनची मात्रा अनेकदा वाढवली जाते. त्या दिवसांत पाणी बदलताना विशेष काळजी घ्यावी. बोअरवेलचे पाणी पुष्कळ ठिकाणी कठीण आणि क्षारयुक्त असते. अशा वेळी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा साधा टीडीएस मीटर घेऊन पाणी तपासावे आणि आकडा ४०० च्या वर जात असेल तर घरच्या आरओ यंत्राचे शुद्ध पाणी त्यात निम्मे मिसळावे. मात्र संपूर्ण आरओचे पाणी कधीही वापरू नये, कारण त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जवळजवळ उरत नाहीत आणि त्यांच्याअभावी नवीन पाने वेडीवाकडी, आखडलेली येतात.

टाकी नवीन असेल तर मासे लगेच सोडू नयेत. माशांच्या विष्ठेतून तयार होणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावायला साधारणतः ३ ते ६ आठवडे लागतात. वनस्पती मात्र पहिल्या दिवसापासून लावाव्यात, कारण त्या स्वतःही अमोनिया शोषून घेतात.

तळाचा थर

कांडी रोवल्यावर ती वर तरंगून येऊ नये, म्हणून थर पुढे ४ आणि मागे ७ ते ८ सेंटिमीटर जाडीचा, मागे चढत जाणारा असावा. दाणे १ ते ३ मिलिमीटरचे असले की कांडी घट्ट धरली जाते. त्याहून जाड खडीत ती हलत राहते. ऐपत असेल तर पाणवनस्पतींसाठी तयार केलेली सॉईल घ्यावी. ती पाणी किंचित मऊ करते आणि मुळांना अन्न देते. मात्र अशा बऱ्याच सॉईलमधून सुरुवातीला अमोनिया सुटतो, म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत एक दिवसाआड निम्मे पाणी बदलावे लागते. स्वस्तात काम करायचे असेल तर चाळून, पाणी नितळ निघेपर्यंत धुतलेली बारीक खडीही चालते, कारण रोटाला बरेचसे अन्न पाण्यातून थेट पानांवाटे घेते. खडी आणल्यावर तिच्यावर व्हिनेगरचे काही थेंब टाकून पाहावेत. बुडबुडे आले तर तिच्यात चुनखडी किंवा शिंपल्यांचा चुरा आहे आणि ती पाणी सतत कठीण करत राहील. अशी खडी परत करावी.

रोपे आणताना

मोठ्या शहरांतल्या मत्स्यालयाच्या दुकानांत रोटाला जुडीने, कुंडीतून किंवा टिश्यू कल्चरच्या डबीतून मिळते. बरीच वर्षे ती रोटाला इंडिका या चुकीच्या नावाने विकली जात होती आणि अजूनही तशी चिठ्ठी लावलेली आढळते. कोलोराटा, एचआरए, ग्रीन अशा नावांनी तिचे निरनिराळे प्रकार येतात. नवख्याने साधा प्रकार किंवा ग्रीन घ्यावा, कारण लालभडक प्रकारांचा रंग टिकवायला पाण्यात सोडलेला कार्बन डायऑक्साइड वायू आणि प्रखर उजेड दोन्ही लागतात.

आता एक गोष्ट खरेदीच्या वेळीच समजून घेतली पाहिजे. रोटाला पाण्याबाहेरही वाढते आणि पाण्याखालीही. पाण्याबाहेर तिची पाने गोलसर, जाडसर आणि हिरवी असतात. पाण्याखाली तीच अरुंद, लांबट, पातळ आणि बऱ्याचदा तांबूस-गुलाबी होतात. रोपवाटिकांमध्ये ती बहुधा पाण्याबाहेर वाढवलेली असते. म्हणजे तुम्ही आणलेली गोल पाने पाण्याखाली टिकण्यासाठी बनलेलीच नसतात आणि ती गळणारच. दुकानदाराने खराब माल दिला असा समज करून घेण्यापूर्वी पानांचा आकार पाहावा. खरेदी करताना खोड टणक आहे का, तळाशी काळे-मऊ पडलेले नाही ना आणि शेंडा शाबूत आहे का, या तीन गोष्टी पाहिल्या की पुरे.

घरी आणल्यावर जुडीची शिशाची पट्टी किंवा कुंडीतला लोकरीसारखा भराव पूर्ण काढून टाकावा. टिश्यू कल्चरच्या रोपांवरचा जेल वाहत्या पाण्याखाली बोटांनी हळुवार चोळून धुवावा. बाकीची रोपे एक लिटर पाण्याला एक छोटा चमचा तुरटी या प्रमाणाच्या द्रावणात दोन तास ठेवल्याने बहुतेक गोगलगायी मरतात, परंतु त्यांची अंडी वाचू शकतात. म्हणून पानांच्या मागच्या बाजूला जेलीसारखे ठिपके दिसले तर ती पाने खुडून टाकावीत. ज्यांच्या टाकीत झिंगे आहेत त्यांनी रोपे आणखी चार-पाच दिवस वेगळ्या बादलीत ठेवून रोज पाणी बदलावे. रोपवाटिकेत मारलेल्या कीटकनाशकाचा अंशही झिंग्यांना मारू शकतो.

लावणी

लावणीच्या वेळी टाकीत थराच्या वर जेमतेम चार-पाच सेंटिमीटर पाणी ठेवावे. हात बुडवून काम करण्यापेक्षा हे फार सोपे जाते. रोपे मात्र सुकू देऊ नयेत. हाताशी पाण्याची फवारणी बाटली असावी.

प्रत्येक कांडी ८ ते १० सेंटिमीटर लांबीची, धारदार कात्रीने पेराच्या किंचित खाली तिरपी कापावी. रोटालाच्या प्रत्येक पेरावर दोन पाने समोरासमोर असतात आणि मुळे त्या पेरातूनच फुटतात. उसाच्या टिपरीत जसा डोळा मातीत जावा लागतो, तसे इथे किमान दोन पेरे थरात गाडली गेली पाहिजेत. त्या दोन-तीन पेरांवरची पाने आधी काढून टाकावीत, कारण गाडलेली पाने कुजतात. मग लांब, निमुळत्या चिमट्याने कांडीचे टोक चिमट्याच्या रेषेतच धरावे, थरात तिरपे ३ ते ४ सेंटिमीटर खोल न्यावे, चिमटा तिथेच किंचित सैल करावा आणि हलकेच हलवत बाहेर काढावा. सरळ वर ओढला तर कांडीही त्याच्याबरोबर येते. ही हातोटी दहा-बारा कांड्यांनंतर आपोआप जमते.

पूर्ण जुडी एका खड्ड्यात खोचणे ही सर्वांत जास्त दिसणारी आणि सर्वांत महाग पडणारी घाई आहे. मधल्या कांड्यांना उजेड मिळत नाही, पाणी खेळत नाही, आणि दोन आठवड्यांत खालून कुजत सगळा गठ्ठा वर तरंगतो. एका जागी एक किंवा फार तर दोन कांड्या, आणि दोन जागांमध्ये २ सेंटिमीटर अंतर, असे ठेवावे. रोटाला मागच्या किंवा मधल्या भागात शोभते. २५ ते ३० कांड्यांचा एक पुंजका या आकाराच्या टाकीत एका कोपऱ्याला भरगच्च दिसतो. लावणी झाली की थरावर बशी ठेवून तिच्यावर बारीक धारेने पाणी सोडावे, म्हणजे थर उसळत नाही.

पहिले तीन आठवडे

पहिल्या आठवड्यात वाढ दिसत नाही. खालची पाने पारदर्शक होतात, तपकिरी पडतात, गळतात. गळलेली पाने रोज काढावीत आणि आठवड्यातून दोनदा ३० ते ५० टक्के पाणी बदलावे, कारण कुजणाऱ्या पानांतून सुटणारा अमोनिया शेवाळाला आमंत्रण देतो. कांड्या उपटून मुळे फुटली का ते पाहण्याचा मोह टाळावा. उपटलेली कांडी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते.

या काळात शेंड्याजवळ डोळे नेऊन पाहावे. गोल पानांच्या वर निघालेली नवी जोडी अरुंद आणि टोकदार असेल, तर रोपाने पाण्याखालचे जगणे स्वीकारले आहे आणि खाली कितीही पाने गळत असली तरी काळजीचे कारण नाही. शेंडाच काळा पडला, किंवा तीन आठवडे उलटूनही नवी जोडी आली नाही, तरच तापमान, क्लोरीन आणि उजेड यांची तपासणी करावी. खोड काळे-मऊ झाले असेल तर निरोगी भागापर्यंत कापून शेंडा नव्याने लावावा.

उजेड आणि कार्बन

वनस्पतीला वाढायला उजेड, कार्बन डायऑक्साइड आणि क्षार हे तिन्ही लागतात, आणि यांत वेग ठरवतो तो उजेड. उजेड जास्त आणि कार्बन कमी असेल तर वनस्पती त्या उजेडाचा उपयोग करू शकत नाही आणि त्याचा फायदा शेवाळ घेते. म्हणून हा वायू पाण्यात वेगळा सोडणार आहात की नाही हे आधी ठरवावे आणि दिवा त्यानुसार घ्यावा. आपल्याकडे सहसा याच्या उलट होते, आधी प्रखर दिवा येतो आणि शेवाळ आल्यावर वायूचा विचार सुरू होतो.

वायूशिवाय वाढवायचे असेल तर या टाकीला पांढऱ्या उजेडाचा १० ते १२ वॅटचा चांगला एलईडी पुरतो. वायू देणार असाल तर २० ते २५ वॅटपर्यंत जाता येते. दोन्ही बाबतीत सुरुवातीला दिवा रोज सहाच तास लावावा आणि तीन-चार आठवडे शेवाळ आले नाही तर हळूहळू आठ तासांपर्यंत न्यावा. टायमर लावणे फार गरजेचे आहे. जिथे भारनियमन असते तिथे यांत्रिक टायमर वीज गेली की थांबतो आणि दिव्याची वेळ दररोज पुढे सरकत जाते. बॅटरीवर घड्याळ चालू ठेवणारा डिजिटल टायमर घेतल्यास हा प्रश्न येत नाही.

वायू देण्याचे सिलिंडर, रेग्युलेटर आणि वायूचे बारीक बुडबुडे करणारा डिफ्युजर असे पूर्ण साहित्य खर्चिक असते, पण कायमचे असते. सायट्रिक ॲसिड आणि खाण्याच्या सोड्यावर चालणारा दाबाचा संच मध्यम खर्चात मिळतो. साखर आणि यीस्टची बाटली सर्वांत स्वस्त, परंतु तिचा वायू रोज कमी-जास्त होतो आणि रात्रीही चालू राहतो. कार्बनच्या अशा चढउतारात काळे, केसाळ शेवाळ पानांच्या कडांना धरते, म्हणून मी ती सुचवत नाही. पाण्यात प्रति लिटर २० ते ३० मिलिग्रॅम वायू असावा. तो मोजायला टाकीत ड्रॉप चेकर लावतात. त्यातले द्रावण निळे दिसले तर वायू कमी, हिरवे दिसले तर योग्य, पिवळे झाले तर जास्त. हा रंग दीड-दोन तास उशिराने बदलतो हे लक्षात ठेवावे. वायू दिव्याच्या एक तास आधी सुरू करावा आणि दिवा बंद होण्याच्या एक तास आधी थांबवावा. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले तर वायू ताबडतोब बंद करून एअर पंप चालू करावा, रंग काहीही दाखवत असो.

वायू नसेल तर रोटाला हिरवी, शेंड्याला जेमतेम तांबूस आणि सावकाश वाढते. त्यात काहीही कमीपणा नाही. अशी टाकी सांभाळायलाही सोपी जाते.

खत कृषी सेवा केंद्रातून

द्राक्ष-डाळिंबाच्या बागांना ठिबकातून जी विद्राव्य खते देतात, तीच टाकीलाही चालतात आणि मत्स्यालयाच्या महाग बाटल्यांपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात. १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ००:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. ही दोन आणि चिलेटेड लोह (पाण्यात विरघळलेले राहावे म्हणून ईडीटीए किंवा डीटीपीएसारख्या संयुगाने बांधलेले लोह) एवढे घेतले की सुरुवात होते. १९:१९:१९ मात्र कधीही घेऊ नये. त्यात नायट्रोजनचा मोठा भाग अमोनिकल आणि युरियाच्या रूपात असतो, आणि तो टाकीत गेल्यास मासे दगावतात. पिशवीवरचे आकडे नीट वाचून घ्यावेत, कारण पिशव्या दिसायला सारख्याच असतात.

एका बाटलीत ५०० मिलिलिटर आरओच्या पाण्यात १३:००:४५ चे २० ग्रॅम आणि ००:५२:३४ चे २.५ ग्रॅम विरघळवावेत. या द्रावणाचे १० मिलिलिटर ४५ लिटर पाण्यात घातले की नायट्रेट सुमारे ५.५ आणि फॉस्फेट सुमारे ०.८ मिलिग्रॅम प्रति लिटर वाढते. दुसऱ्या बाटलीत ५०० मिलिलिटर पाण्यात १२ टक्के लोह असलेले चिलेटेड लोह २ ग्रॅम घालावे. याच्या १० मिलिलिटरमधून सुमारे ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर लोह मिळते. दोन्ही द्रावणे एकत्र करू नयेत आणि एकाच दिवशी घालू नयेत, कारण फॉस्फेट आणि लोह यांचा साका बनतो. ईडीटीए प्रकारचे लोह सामू ६.५ च्या वर फार काळ टिकत नाही, म्हणून पाणी उदासीन असेल तर डीटीपीए प्रकारचे शोधावे. बाटल्यांवर ठळक चिठ्ठ्या लावून त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

वायू नसलेल्या टाकीला दोन्ही द्रावणे आठवड्यातून एकेकदा पुरतात. वायू असलेल्या टाकीला दोन्ही तीन-तीनदा, आलटूनपालटून द्यावीत आणि आठवड्याच्या शेवटी निम्मे पाणी बदलावे, म्हणजे काहीही साठून राहत नाही. पुढे शेंडा पाहून कमी-जास्त करावे: नवी पाने फिकट, जवळजवळ पांढरट आली तर लोह कमी आहे, नवी पाने ठीक पण खालची पाने पिवळी पडत असतील तर नायट्रोजन कमी आहे, शेंडा आखडला तर आधी वायूची अनियमितता आणि मग कॅल्शियम तपासावे. रोटालाचा लाल रंग प्रखर उजेडात आणि नायट्रेट थोडे आखडते ठेवल्यावर खुलतो, पण हा प्रयोग रोप पूर्ण स्थिरावल्यावरच करावा. एका वेळी एकच बदल करावा आणि नव्या पानांच्या दोन जोड्या येईपर्यंत थांबावे.

छाटणी

कांड्या पृष्ठभागाला टेकल्या की छाटणीची वेळ झाली. पहिली छाटणी धीटपणे, अंतिम उंची जेवढी हवी त्याच्या निम्म्यावर करावी. कापलेल्या जागेखालच्या पेरातून समोरासमोर दोन फुटवे येतात, आणि पुढच्या छाटणीत त्या दोहोंचे चार होतात. झुडूप दाट होते ते असे. प्रत्येक छाटणी मागच्या छाटणीच्या थोडी वर घ्यावी. कापलेले शेंडे मोकळ्या जागी लावता येतात. चार-पाच छाटण्यांनंतर खालचे खोड काळपट होते आणि फुटवे बारीक येऊ लागतात. तेव्हा सगळे खोड उपटून निरोगी शेंडे नव्याने लावावेत. पेरांमधले अंतर वाढून कांड्या उघड्या, काटकुळ्या दिसत असतील तर उजेड कमी पडतो आहे. उलट कांड्या आडव्या पसरू लागल्या तर उजेड भरपूर आहे.

उन्हाळ्यात

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत टाकीचे पाणी सहज ३२ अंशांच्या वर जाते. रोटाला ते काही दिवस सोसते, पण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि शेवाळ वाढते. पृष्ठभागावर तिरका वारा सोडणारा छोटा पंखा बसवला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. कोकणातल्या दमट हवेत हा उपाय तितका लागू पडत नाही, तिथे उजेडाचे तास कमी करणे आणि दिवा पहाटे लावणे बरे. पंख्यामुळे आटलेले पाणी आरओच्या पाण्याने भरावे, कारण वाफ होताना क्षार मागेच राहतात.

छाटलेल्या कांड्यांचे काय करावे

रोटाला नीट वाढू लागली की दर महिन्याला मूठभर कांड्या उरतात. त्या ओढ्यात, तळ्यात किंवा नाल्यात टाकू नयेत. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात हीच वनस्पती कालव्यांत पसरून उपद्रवी ठरली आहे, आणि शोभेसाठी आणलेली जलपर्णी आपल्या पंचगंगेचे आणि मुळा-मुठेचे काय करते ते आपण दरवर्षी पाहतो. नको असलेल्या कांड्या उन्हात पूर्ण वाळवून कुंडीच्या खतात घालाव्यात. पावसाळ्यात काही कांड्या बाल्कनीतल्या टबात चिखल आणि वर बोटभर पाणी ठेवून लावल्या तर त्या गोल पानांनिशी पाण्याबाहेर येतात आणि शेंड्यांवर बारीक गुलाबी फुलांचे तुरे धरतात. कोणाला द्यायच्या असतील तर ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, थोडी हवा भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद कराव्यात. सावलीत ठेवल्यास दोन-तीन दिवस त्या ताज्या राहतात. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नयेत.